लीयाबायचा स्पॅनिश धवला

लीयाबायनं तुज्या बापाची नाळ कापली. तिथनंच सांगते बाय, नायतर तुला कळायचं नाय ती आमची कोन लागत व्हती. पनवेलच्या दवाखान्यात ती नर्स. इस्रायल आळीत तिचं घर, आनि आळी संपते तिथं आमची खोली, मधी एक विहीर. तिचा नवरा इझिकेल कचेरीत कारकून व्हता, तो लवकर गेला. एकच पोरगा, हायम. लीयाबाय उंच, सुकी, पांढरी कडक साडी, आनि समोर आली की माणसं आपली नखं लपवायची, कारन ती पयली नखंच बगायची. माज्या जावेच्या बाळंतपनाला मी तशीच न धुतल्या हातानं आत शिरले, तर मला दारातच धरली. बोलली, "हौसा, पोर तुझ्या जावेचं आहे, पण खोली माझी आहे." आनि दोनदा हात धुवायला लावले.

ती ज्यू. आमी त्या लोकांना शनवार तेली बोलायचो. त्यांचा जुना धंदा तेलाचा, आनि शनवारी त्यांचा घाना बंद असायचा, म्हनून. शनवारी ती चूल पेटवायची नाय, कातर धरायची नाय, लिवायची नाय. शुक्करवारी रांधलेलं गारच खायची. बाकी सगळं आमच्यासारखंच, तांदळाची भाकरी, नारळाचं दूध, मासळी. फक्त मासळी खवल्याची पायजे, कोलंबी-चिंबोरी तिच्या घरात नाय.

हायम पंचावन साली इस्रायल देशाला गेला. तीन वरसांनी त्याचं पत्र आलं. ते लीयाबायनं विहिरीवर उभ्या उभ्या मला वाचून दाखवलं. लग्न केलं, बोलला. मुलगी आर्जेंटिना म्हनून कुठला मुलूख हाय तिथली, नाव राकेल, तिची भाषा स्पॅनिश. इस्रायलची हिब्रू भाषा तिला धड येत नाय आनि ह्यालापन धड येत नाय, दोघं अर्धं बोलनं हातानं करतात. पुढं लिवलं व्हतं, दिवाळी झाली की आमी दोघं पंधरा दिवस येतो आनि जाताना तुला घेऊन जातो.

मी बोलले, चांगलं झालं की. तर तिनं पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मंग सांगायला लागली. ती सून म्हनून ह्या घरात आली तवा सासू तिच्याशी वरीसभर बोलली नवती. का, तर लग्न पोराच्या मनानं झालं म्हनून. भांडन नाय, शिवी नाय, नुसतं गप. भाकरी ताटात पडायची, तोंडातनं शब्द पडायचा नाय. ते वरीस ती विसरली नवती. बोलली, "तसलं घर मी कुणाच्या मुलीला देणार नाही. तिच्याशी दहा वाक्यं धड बोलता आली तर जाईन. नाही तर हायमला सांगेन, तुम्ही सुखात राहा, मी इथंच बरी."

मी बोलले, तुमाला हिब्रू येतंय ना, शनवारी म्हनता ते. ती बोलली, ते देवाशी बोलायचं, त्यात सुनेला काय विचारू, मासळीत मीठ बरोबर झालं का ते?

आता तुज्या आजाचं ऐक. तुजा आजा बळीराम बोटीवर भंडारी व्हता, म्हंजे रांधनारा. मोठी लढाई संपली त्या साली त्याची बोट त्याच आर्जेंटिनाच्या बंदराला लागली आनि तिचं मशीन मोडलं. आठ मयने बोट हलली नाय. खलाशांना दुसऱ्या बोटींवर धाडलं, ह्याला मातर बंदरावरच्या एका खानावळीत ठेवलं, कांदे चिरायला. मालकीन अशी जाडी, तोंडाची फाटकी, ह्याला दिवसभर बोलायची. तिचं ऐकून ऐकून ह्याला ती भाषा आली. मंग गुडघा धरला म्हनून बोट सोडली आनि एस्टी स्टँडाजवळच्या हाटेलात भजी तळायला लागला. पन कधी कोन सायबासारखा मानूस स्टँडावर दिसला की मुद्दाम मोठ्यानं स्पॅनिश बोलायचा. मला लाज वाटायची.

तर मीच लीयाबायला बोलले, आमच्या घरात हाय की एक स्पॅनिश. माजीच जीभ, बाय, आनि मंग सहा मयने मीच डोकं धरून बसले.

पयली अडचन ही, की तुज्या आजाला सुट्टी शनवारीच. हाटेलाचा मालक मारुतीचा शनवार करायचा, त्या दिवशी हाटेल बंद. आनि लीयाबाय शनवारी लिवनार नाय. शिकायला बंदी नाय, पन पेन्सिल धरायची नाय. दुसरी अडचन, तुज्या आजाला नुसतं बसून शब्द आठवायचे नायत. हातात सुरी आनि पुढ्यात कांदा असला की आठवायचं. म्हनून दर शनवारी माज्या घरात दोन शेर कांदा चिरला जायचा. खानार कोन येवढा? आनि लीयाबाय पाटावर ताठ बसलेली, डोळ्यांतनं धारा लागलेल्या, पदरानं पुसते आनि ऐकते.

पयल्या शनवारी तिनं विचारलं, "बळीरामभाऊ, 'ये, बस, जेवून घे' ह्याला काय म्हणतात?"

तुज्या आजानं एक कांदा पुरा चिरला, दुसरा अर्धा चिरला. मंग बोलला, "ते मला कुनी बोललंच नाय, बाय. मला 'ऊठ' बोलायचे."

मंग 'पोटात दुखतं का' विचारलं. ते नाय. 'माझा मुलगा तुला त्रास देतो का' विचारलं. तेपन नाय. मला येवढी चीड आली. आठ मयने त्या मुलखाचं अन्न खाल्लं आनि 'बस' म्हनायला शिकला नाय. तर बोलला, थांब गो, मला येतंय ते सांगतो की. आनि सांगितलं, "के मोस्का ते पिको." म्हंजे, तुला कुठली माशी चावली. तोंड वाकडं दिसलं की मालकीन विचारायची. ह्याचं तोंड रोज वाकडं, म्हनून हे त्याला पक्कं.

सगळं असलंच येत व्हतं त्याला. "नो मे तोमेस एल पेलो", माजे केस घेऊ नको, म्हंजे माजी चेष्टा करू नको. "पान कोमीदो", खाल्लेला पाव, म्हंजे काम येवढं सोपं. मासळी महाग असली तर "ऊन ओहो दे ला कारा", तोंडावरचा एक डोळा काढून द्यायचा म्हने. "मे इम्पोर्ता ऊन पेपीनो", मला काकडीयेवढी पर्वा नाय. कोन सारखी बडबड करत असंल तर ती कोपरांनीपन बोलते, "आब्ला आस्ता पोर लोस कोदोस". हे सांगताना त्यानं माज्याकडं बगितलं, ते मी बगितलं. आपल्या हातनं काम बिघडलं तर "मेती ला पाता", मी पाय घातला. आनि वैताग आला की "एस्तोय आस्ता ला कोरोनीझा", टाळूपर्यंत आलंय माज्या. हे शेवटचं लीयाबायला लगेच पाठ झालं.

एकच तिला आपलंसं वाटलं. तुजा आजा बोलला, चांगलं खायला बगितलं की तिकडं बोलतात तोंडाचं पानी झालं. लीयाबाय कांद्याच्या पान्यातनं हसली. बोलली, "म्हणजे तोंडाला पाणी सुटतं ते तिथंही सुटतं."

पन लिवायचं कुनी? मला कुठं येतंय. तर तिनं मला लावलं कामाला. शनवारी तू लक्षात ठेव, रविवारी सकाळी मला सांग, मी वहीत उतरवते. हुकूमच. सुटे शब्द माज्या डोक्यात राहायचे नायत. तुला ठावं हाय, मी धवलारीन. आपल्या लग्नात हळदीपासनं वरात येईपर्यंत धवले म्हनायचे, ते मी चिरनेरच्या गोदूआत्याकडनं शिकले, एक अक्षर कुठं लिवलेलं नाय, सगळं गळ्यात. म्हनून मी काय केलं, तुज्या आजाची सगळी वाक्यं धवल्याच्या चालीत ओवली. एकाच्या शेपटीला दुसरं बांधलं. वर "चे" लावलं, तिकडं हाक मारायला बोलतात, आपलं "अगो" तसं. दर शनवारी एकदोन ओळी वाढायच्या. रविवारी मी लीयाबायच्या ओट्यावर बसून पयल्यापासनं म्हनायची, ती लिवून घ्यायची, मंग दोघी मिळून म्हनायचो. विहिरीवरच्या बाया बोलायला लागल्या, लीयाबायला म्हातारपनी आगरी लग्नाची हौस आली. ती कोनाला उत्तर द्यायची नाय. घागर भरताना म्हनायची, दवाखान्यात जाताना म्हनायची. मला वाटलं, जमतंय.

भादव्यात तुज्या आजानं परीक्षा घेतली. विचारलं, लीयाबाय, कोन तुमची चेष्टा करतंय, काय बोलाल?

लीयाबायनं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. पयल्या ओळीपासनं, अगो माशी चावली करत, चालीत, मंग दुसऱ्या ओळीला येऊन थांबली आनि सांगितलं. बरोबर सांगितलं. मंग त्यानं विचारलं, बाजारात मासळी महाग हाय? परत डोळे मिटले, परत माशी, परत केस, परत पाव, तवा कुठं डोळा आला. मंग विचारलं, वैताग आलाय? त्याला तर येवढा येळ लागला की त्याचा कांदा चिरून झाला.

तुजा आजा बोलला, "तवर सून जेवून झोपली असंल."

लीयाबाय उठली. मला वाटलं हसंल, तर तोंड असं झालं, जसं दवाखान्यात बाटली फुटली की व्हायचं. बोलली, "हौसा, मी नर्सच्या परीक्षेला पहिली आलेली बाई आहे. तू मला भाषा नाही शिकवलीस, गळ्यात साखळी घातलीस." आनि गेली.

मला काय कमी राग आला? चार मयने कांदे माजे, घर माजं, डोकं माजं. मी तीन दिवस विहिरीवर तिच्या येळेला गेले नाय. पन मनात मला ठावं व्हतं ती बोलली ते खरं. मलापन मधलीच ओळ कुनी विचारली तर येत नाय. धवला मधनं धरता येत नाय, पयल्यापासनंच धरावा लागतो, मला तशीच सवय, आनि तीच मी तिला लावली. चौथ्या दिवशी तीच आली, वही घेऊन. आमी दोघींनी ओळी सोडवायचा लय प्रयत्न केला. उलट्या म्हनून बगितल्या, एक सोडून एक म्हनून बगितल्या, चाल न लावता म्हनून बगितल्या. चाल काढली की शब्दपन जायचे. दिवाळी जवळ येत चाललेली. ती बोलली, राहू दे, मी हायमला पत्र लिहिते, येऊन जा पण मला नेऊ नका. पन लिवलं नाय. कागद चार दिवस तिच्या शिलाई मशिनीवर तसाच पडलेला मी बगितला.

ते आले शुक्करवारी, दुपार कलताना. अख्खी आळी ओट्यावर. हायम काळा पडलेला, हात मजुरासारखे. ती राकेल बारकी, केस तांबूस, झगा घातलेला, दोन्ही हात डासांनी फोडलेले. पायरीशी उभी राहिली आनि सगळ्यांकडं बगून हसायला लागली, दमलेलं मानूस हसतं तसं. लीयाबाय दारात. नवी साडी नेसलेली. मी तिच्या बाजूला, तुजा आजा मागं.

लीयाबायनं तोंड उघडलं आनि पयली ओळच बायेर पडली. "चे, के मोस्का ते पिको."

पोरीनं आपल्या हाताकडं बगितलं. इथवर ठीक व्हतं, तिथंच थांबायला पायजे व्हतं. पन थांबता येईना तिला. मागनं केस आले, पाव आला, डोळा, काकडी, कोपरं, सगळं धवल्याच्या चालीत, दारात उभं राहून, घाम फुटलेला, डोळे मिटलेले. हायमचं तोंड उघडंच. मी तिचा पदर धरून ओढला, तरी ती टाळूपर्यंत जाऊनच थांबली. आळीत कोन हसलं नाय, तेच वाईट वाटलं. त्यांना वाटलं सुनेच्या मुलखातलं कायतरी म्हनतेय.

मंग ती पोर बोलायला लागली. बाय, काय ती बोलली. जशी एस्टीची घंटी कोनी ओढून धरली. तुज्या आजाला पुढं ढकलला, तर त्याला त्यातलं चार आने कळलं. बोलला, "ती इचारतेय, तुमी रागावलात का तिच्यावर."

लीयाबाय आत गेली आनि पलंगावर बसली. मी मागनं गेले. भिंतीकडं बगून बोलली, "सासूबाई वर्षभर गप्प होत्या. मी पहिल्याच दिवशी मुलीला रागावले." मंग मला बोलली, उद्या शब्बाथ, म्हंजे त्यांचा शनवार, परवा हायमला सांगते, माझं तिकीट काढू नको. मला तुज्या आजाचा असा राग आला की त्या रातीला मी त्याच्याशी बोललेच नाय. आठ मयने, बाय. एक "बस" शिकला असता.

शनवारी सकाळी मी गेले, म्हटलं बगावं काय चाललंय. चूल गार. रातीचं जेवन झाकून ठेवलेलं, नारळाच्या दुधातली मासळी आनि भाकऱ्या. लीयाबाय खिडकीशी उभी, जेवायला येत नाय. हायम कोनाला तरी भेटायला गेलेला. ती पोर जमिनीवर बसलेली. तिनं काय केलं, झाकन काढलं, दोन ताटल्या घेतल्या, दोन्हींत वाढलं. तिला मासळी कशी वाढायची ते ठावं नाय, डोकं एकीकडं, काटे एकीकडं. मंग बाजूची जमीन हातानं थापटली आनि लीयाबायकडं बगून बोलली,

"वेनी. सेन्ताते. कोमे."

हळू बोलली. एकेक शब्द सुटा. बोलवायचं बोट, जमिनीवर हात, तोंडाकडं हात. मला कळलं तर लीयाबायला कळनार नाय? सहा मयने तिनं जे मागितलं ते तिच्याच घरात, तिच्याच सुनेनं तिला वाढलं.

लीयाबायनं वहीकडं बगितलं. मशिनीवर व्हती, हाताला लागंल अशी. मंग माज्याकडं वळली. "हौसा, हे लक्षात ठेव."

मी बोलले, "मी नाय ठेवत. तुमीच ठेवा."

तिनं असं बगितलं माज्याकडं, मला वाटलं आता नखं बगते. पन ती गेली, सुनेच्या बाजूला बसली. आनि बसताना तेच तीन शब्द म्हटले. चालीत नाय. जसं मानूस बोलतं तसं. मंग ताटली सुनेकडं सरकवली आनि परत म्हटले.

पुढचे पंधरा दिवस त्या पोरीनं मी बांधलेलं सगळं सोडलं. लीयाबायला धवला म्हनायला लावायची आनि मधीच तिच्या तोंडावर हात ठेवायची. जी ओळ तोंडात असंल तिचं काम जिथं असंल तिथं तिला ओढत न्यायची. मासळी बाजारात नेऊन पापलेटासमोर उभी केली. सुईत दोरा घालायला लावून पाव खाल्लेला शिकवला. तुजा आजा चेष्टा करायला लागला की केसांना हात लावायची. एक दिवस माज्याकडं बगून दोघींनी एकदम आपापली कोपरं वर केली आनि हसत सुटल्या. लीयाबायला कोपराचं शिकवलं कुनी, मीच ना? आनि माज्यावरच. मी सहा मयने घट्ट बांधलं आनि तिनं पंधरा दिवसांत मोकळं केलं, ह्याचा मला आनंद व्हायला पायजे व्हता, तर माजं डोकंच उठलं. हे तू लिव, लपवू नको.

लीयाबायनं तिकीट काढायला सांगितलं. शिलाई मशीन माज्याकडं दिली, तुजी आत्या त्याच मशिनीवर शिवन शिकली. घराची चावी हायमनं आपल्या मामाला दिली. मला कोनी विचारलं नाय, हौसा, तुला चालंल का. कोन विचारनार? मीच शोधला ना मास्तर. एस्टीवर आमी दोघं गेलो. लीयाबाय खिडकीत, आनि ती माज्याशी मराठीच बोलली, बाळंतीन आली तर हात धुवायला सांग, विसरू नको, तू सांगत नाहीस कुणाला. तुज्या आजाला बोलली, भाऊ, फार उपकार. तो तिच्याशी स्पॅनिश बोलायला गेला, पन गाडी सुटली.

घरी आल्यावर मी त्याला येवढं बोलले, बाय, की तो त्या दिवसाची रजा काढलेली असून हाटेलात जाऊन बसला.

पत्रं यायची. तुजा बाप वाचून दाखवायचा. सुनेला दिवस गेले, मुलगी झाली, नाव दिना ठेवलं. लीयाबाय लिवायची, घरात आता कोनी गप बसत नाय, उलट फार बोलतात. मला बरं वाटायचं. आनि मंग वाटायचं, बसा बोलत, आमी इथं कांदे चिरतो.

लीयाबाय गेली त्याच वरसाच्या माघात विचुंब्याला लग्न व्हतं, मी धवलारीन. हळद लावायला घेतली. नवरी पाटावर, बाया भवताली, मी धवला धरला. तीनचार ओळी बरोबर म्हटल्या, आनि मंग कशी कोन जाने, चाल तीच ना, माज्या तोंडात माशी आली. मंग केस आले. मला कळत व्हतं, पन तोंड थांबेना. बाया माज्या मागनं म्हनायला लागल्या, जमंल तसं, आपलं ओढून. कोनाला कायपन वाटलं नाय. नवरीनं मान खाली घातलेली.

पुरा झाल्यावर नवऱ्याची आई, भीमाबाई, माज्याकडं सरकली. तिला असल्या गोष्टीची आवड. बोलली, "हौसाबाय, हा कुठला गो धवला? आमी जासईपर्यंतचे ऐकले, हा नाय ऐकला."

मी बोलले, इस्रायल आळीचा.

ती बोलली, तिथं आता कोन गातंय?

मी हळदीचं ताट उचललं आनि नवरदेवाच्या घरी जायला निघाले.